भोरड्यांचा थवा आणि 300 कण

हिवाळ्यात बडोद्यातल्या गच्चीवरून मावळतीला भोरड्यांचा थवा दिसला, तर त्यात म्होरक्या शोधू नये. म्होरक्याशिवायही थवा एका दिशेने वळू शकतो, हे हंगेरीच्या तामाश विचेक आणि सहकाऱ्यांनी 1995 साली अगदी साध्या नियमांनी दाखवले. ते नियम घरच्या संगणकावर एका संध्याकाळीत चालवून पाहता येतात.

7 एकक बाजूच्या चौकोनात 300 कण, म्हणजे पक्ष्यांच्या जागी ठिपके, सोडा. डावीकडून बाहेर गेलेला कण उजवीकडून आत येतो. प्रत्येक कण दर पावलाला 0.03 एकक सरकतो, 1 एकक अंतरातल्या सगळ्यांची, स्वतःसकट, सरासरी दिशा घेतो आणि तीत थोडी यादृच्छिक चूक मिसळतो. (खऱ्या पक्ष्यांचे थोडे वेगळे आहे: रोममधल्या थव्यांच्या 2008च्या अभ्यासात प्रत्येक पक्षी ठरावीक अंतरातले सगळे नव्हे, तर जवळचे सहा-सात शेजारी पाहतो असे दिसले.)

पहिली ठेच सरासरीत लागते. 350 आणि 10 अंशांची सरळ सरासरी 180, म्हणजे नेमकी उलटी दिशा! म्हणून साइन आणि कोसाइन यांच्या वेगवेगळ्या बेरजा करून त्यांवरून कोन काढायचा. शिवाय सगळ्यांच्या दिशा एकदम बदलायच्या, एकेकाची नाही.

क्रम, म्हणजे सगळे कितपत एकाच दिशेने चालले आहेत ते, मोजायला प्रत्येकाच्या दिशेचा एकक सदिश (1 लांबीचा बाण) घेऊन बेरीज करा आणि तिची लांबी 300 ने भागा. 1 म्हणजे पूर्ण एकजूट. निव्वळ गोंधळातही सुमारे 0.05 ते 0.06 येतेच, तेवढ्यावर थवा जमला असे समजू नका.

चूक वाढवत नेली की क्रम मोडतो. छोट्या चौकोनात तो हळूहळू ओसरल्यासारखा वाटतो, आणि इथेच अनेकांची फसगत होते. ग्रेग्वार आणि शाते यांनी 2004 साली मोठ्या चौकोनात पाहिले, तर क्रम एकदम कोसळतो, आणि त्या उंबरठ्याजवळ कणांचे दाट पट्टे विरळ गर्दीतून सरकत जातात. कारण दाटीत शेजारी जास्त, म्हणून सरासरीत चुका एकमेकींना खोडतात आणि दिशा पक्की होते. एका दिशेने निघालेला घोळका वाटेतल्या भरकटलेल्यांना ओढून घेतो आणि आणखी दाट होतो. क्रम आणि दाटी एकमेकांना पोसतात.

याचा माग मोजणीतही लागतो. साध्या वायूत एखाद्या चौकटीतले कण सरासरी 100 पट झाले, तर त्या संख्येतला चढउतार 10 पट होतो. थव्यात तो 40 पटींच्या आसपास जातो. 2007 साली थरथरत्या पृष्ठभागावर ठेवलेल्या तांब्याच्या बारीक काड्यांत विजय नारायण, श्रीराम रामस्वामी आणि नारायणन मेनन यांनी असाच अवाढव्य चढउतार प्रत्यक्ष मोजला.