प्रमाण भोंगा: विश्वाच्या प्रसरणाचे नवे माप

इंदूरच्या कापड गिरण्या चालू होत्या त्या काळातील वडीलधाऱ्यांना पाळी बदलतानाचा भोंगा अजून आठवतो. परदेशीपुऱ्यात तो कानठळ्या बसवी, आणि राजवाड्यामागच्या वाड्यांत पोहोचेपर्यंत मवाळ झालेला असे. मूळ आवाज किती मोठा हे ज्याला पक्के ठाऊक असेल, त्याला कानी पडलेल्या आवाजावरून गिरणी किती दूर आहे हे सांगता येईल. विश्वाच्या प्रसरणाचा वेग मोजण्याची एक नवी रीत याच तर्कावर उभी आहे, आणि तिच्यातील स्रोतांना शास्त्रज्ञ ‘स्टँडर्ड सायरन’, म्हणजे प्रमाण भोंगे, असेच म्हणतात.

एखादी दीर्घिका किती वेगाने दूर जाते आहे हे तिच्या प्रकाशाच्या ताम्रसृतीवरून, म्हणजे तो तांबड्या रंगाकडे किती सरकला यावरून, सहज कळते. अडते ते अंतरापाशी. ठरावीक लयीत उजळणारे-मंदावणारे सेफीड तारे आणि त्यांच्या आधारे अतिनवतारे (ताऱ्यांचे प्रचंड स्फोट), अशी पायरीपायरीने अंतरे काढली की प्रसरणाचा दर सांगणारा हबल स्थिरांक सुमारे ७३ येतो, तर विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रारणावरून प्लँक उपग्रहाने तो ६७.४ काढला (दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला इतके किलोमीटर). ही तफावत मोजमापातील चुकीची की निसर्गातील एखाद्या अज्ञात गोष्टीची, हे ठरवायला पायऱ्यांशी संबंध नसलेला साक्षीदार हवा.

तो कसा मिळेल हे भौतिकशास्त्रज्ञ बर्नार्ड शुट्झ यांनी १९८६ मध्येच दाखवले होते. एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या दोन ताऱ्यांच्या गुरुत्वीय लहरींची (अवकाशातच उठणाऱ्या तरंगांची) वारंवारता ज्या गतीने चढत जाते, त्या गतीवरून मूळ लहर किती जोरकस होती हे कळते. इथे ती किती क्षीण होऊन पोहोचली हे उपकरण सांगते, आणि या दोन्हींच्या तुलनेतून अंतर थेट हाती येते.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी हे प्रत्यक्षात घडले. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचा (मृत ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांचा) संकेत सुमारे शंभर सेकंद टिकला, विलीनीकरणानंतर १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत आला, आणि काही तासांतच दुर्बिणींना ती जागा सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरील एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत सापडली. आसपासच्या दीर्घिकांच्या ओढीचा परिणाम वजा केल्यावर तिचा दूर जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३,०१७ किलोमीटर ठरला आणि हबल स्थिरांक ७० आला. मात्र त्यातील अनिश्चितता वरच्या बाजूला १२ आणि खालच्या बाजूला ८ एवढी मोठी होती, त्यामुळे ६७ आणि ७३ हे दोन्ही आकडे त्यात सुखाने मावतात.

अडचण होती ती कक्षेच्या तिरकेपणाची, म्हणजे कलाची. ताऱ्यांच्या कक्षेचे प्रतल आपल्यासमोर ताटासारखे उघडे असेल तर लहर जोरकस येते, कडेने दिसत असेल तर मंद. त्यामुळे दूरची उघडी जोडी आणि जवळची कललेली जोडी यांत फरक करणे कठीण जाते. पुढे रेडिओ दुर्बिणींनी त्या स्फोटाचा झोत सरकताना पाहिला, त्यावरून कल बांधता आला आणि २०१९ मध्ये अनिश्चितता पाचाच्या आसपास उतरली. माझ्या मते खरे यश ७० या आकड्यापेक्षा या सुधारणेत आहे.

प्रकाशासकट सापडलेले असे विलीनीकरण आजवर हे एकच आहे. दोन टक्क्यांची अचूकता गाठायला अशा पन्नासेक घटना लागतील असा अंदाज आहे. निरनिराळ्या दिशांना रोख असलेले शोधक वाढले की लहरीचे दोन्ही ध्रुवीकरण (कंपनाचे दोन प्रकार) वेगळे मोजता येतात, कल लहरीतूनच उमगू लागतो आणि दुर्बिणींना शोधायचा आकाशाचा तुकडाही आकसतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या शोधकाच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांचे मोल इथे आहे, आणि त्या प्रकल्पाच्या प्रमुख संस्थांपैकी एक, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, आपल्या इंदुरातच आहे.