‘किती मुलं हवीत?’ हे कुणाला विचारायचं

२०११ च्या ऑक्टोबर महिन्यात साताऱ्यात २८५ मुलींनी आपली नावं बदलली. त्यांची जुनी नावं जवळपास एकच होती: नकुशी, नकोशी, नकुसा. घरात मुलीच्या पाठीवर मुलगी झाली की धाकटीचं नाव ‘नकुशी’ ठेवायचं, म्हणजे पुढच्या खेपेला मुलगा होतो, अशी समजूत होती. जिल्हा प्रशासनाने समारंभ केला, मुलींनी नवी नावं घेतली, त्यांना तशी प्रमाणपत्रं मिळाली.

एखादं मूल आईबापांना हवं होतं की नको होतं, हे शोधणं लोकसंख्येच्या अभ्यासकांना फार अवघड जातं. अंगणात खेळणाऱ्या लेकराकडे बोट दाखवून ‘हे नको होतं’ असं कुठलीही आई पाहुण्या बाईसमोर म्हणत नाही. जन्माआधी जे नको होतं ते जन्मानंतर हवंसं होतं आणि मागचं आठवतानाही ते हवंच होतं असं आठवतं. म्हणून सर्वेक्षणातून येणारे ‘नको असलेल्या जन्मां’चे आकडे खऱ्यापेक्षा कमीच असतात, असं संशोधक धरून चालतात. साताऱ्यात मात्र ते शाळेच्या पटावर लिहून ठेवलेलं होतं.

पण कुणाला नकुशी? आपल्याकडे बारशाला नाव आत्या ठेवते. कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते तेव्हा बाळंतीण पाळण्याच्या दोरीपाशी बसलेली असते. ते नाव तिने निवडलेलं असतंच असं नाही. कुटुंबाच्या अभ्यासातला सगळ्यात अवघड प्रश्न मला इथेच दिसतो. मूल हवं-नको ही इच्छा एका माणसाच्या मनात तयार होत नाही, ती घरात तयार होते. आपण मात्र ती बहुतेक वेळा एकट्या बाईला विचारतो आणि तिच्याच नावावर लिहून घेतो.

विचारायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतून वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांचं पुणे जिल्ह्यातल्या जन्ममृत्यूंचं सर्वेक्षण १९५३ मध्ये प्रसिद्ध झालं. पाठोपाठ १९५५ मध्ये ना. वि. सोवनी आणि कुमुदिनीबाईंचं नाशिक, कुलाबा (आताचा रायगड) आणि उत्तर सातारा या जिल्ह्यांवरचं काम आलं. देशात सरकारी कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम तेव्हा नुकताच, १९५२ मध्ये, सुरू झाला होता. आज हे काम देशभर करणारी संस्था मुंबईत देवनारला आहे. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे तिचं नाव. १९९२-९३ पासून ती ‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण’ करते. त्याची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली.

त्या प्रश्नावलीतला एक प्रश्न असा आहे: समजा, तुम्हाला एकही मूल नव्हतं त्या काळात परत जाता आलं आणि आयुष्यभरात नेमकी किती मुलं व्हावीत हे तुमचं तुम्हाला ठरवता आलं, तर किती म्हणाल? मग पुढचा प्रश्न: त्यातले मुलगे किती, मुली किती, आणि कितींच्या बाबतीत काहीही चालेल? ज्या बाईला असं मागे जाऊन ठरवायची मुभा कधी मिळालीच नाही, तिला हा प्रश्न कसा वाटत असेल? ‘देवाच्या मनात असेल तेवढी’ असं उत्तरही येतं, आणि ते आकड्यात बसत नाही म्हणून वेगळं नोंदवावं लागतं. आता बहुतेक जणी ‘दोन’ म्हणतात. लाल त्रिकोणाखाली ‘हम दो, हमारे दो’ वाचत आपल्या पिढ्या वाढल्या, तेव्हा ‘दोन’ या उत्तरात स्वतःची इच्छा किती आणि पाठ झालेला धडा किती, हे वेगळं काढणं सोपं नाही.

आता पाचव्या फेरीतले देशपातळीवरचे तीन आकडे शेजारी ठेवून पाहा. सध्याचा जननदर तसाच राहिला तर एका बाईला आयुष्यात सरासरी २.० मुलं होतील. बायकांनी ‘आदर्श’ म्हणून सांगितलेली संख्या सरासरी २.१ आहे. आणि स्वतःच सांगितलेल्या संख्येपेक्षा जास्त झालेली मुलं वजा केली तर जननदर उरतो १.६.

हे आकडे एकमेकांशी भांडताना दिसतात. बायकांना २.१ हवी आहेत आणि होताहेत २.०, म्हणजे हवी तेवढीच होताहेत की! मग नको असलेले जन्म वजा केल्यावर १.६ कसे? कारण सरासरीच्या पोटात दोन उलट्या गोष्टी दडलेल्या आहेत. काही घरांत ठरवल्यापेक्षा जास्त मुलं झाली, तर काही घरांत हवी होती त्यापेक्षा कमी झाली किंवा अजून व्हायची आहेत. दोन्ही मिळून हिशेब जुळल्यासारखा दिसतो. त्यात, वय झालेल्या बायका ‘आदर्श’ संख्या सांगताना बहुधा झालेल्या मुलांपेक्षा कमी सांगत नाहीत, त्याने २.१ हा आकडा थोडा फुगतो. ‘भारतीय बायकांना दोन मुलं हवी असतात’ हे वाक्य म्हणूनच खरं असूनही अपुरं आहे.

मुलगा-मुलगी हा भेद आला की ते आणखी अपुरं पडतं. याच फेरीत दोन मुली असलेल्या, मुलगा नसलेल्या बायकांपैकी ६५ टक्के ‘आता पुरे’ म्हणाल्या. दोनपैकी एक तरी मुलगा असला की हे प्रमाण बरंच वर जातं. मुलींपेक्षा मुलगे जास्त हवेत असं १५ टक्के बायकांनी सांगितलं आणि मुली जास्त हव्यात असं सुमारे ३ टक्क्यांनी. तोंडाने ‘दोन’ म्हणणाऱ्या बाईच्या मनात बऱ्याचदा ‘दोन, पण त्यातला एक’ असतं. या इच्छेला भूल म्हणून झटकून टाकू नये असं मला वाटतं. मुलगा झाल्यावर सासरी बाईचा शब्द ऐकला जातो आणि म्हातारपणी आधार मिळेल असा भरवसा वाटतो. सून म्हणून आलेल्या मुलीचा हा सरळ हिशेब आहे. त्याचीच किंमत पुढे नकुशीला मोजावी लागते.

महाराष्ट्रातला जननदर १९९२-९३ मध्ये २.९ च्या आसपास होता. पाचव्या फेरीत तो १.७ आला, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहायला लागणाऱ्या २.१ च्या बराच खाली. पण हा पाळणा थांबवला कुणी आणि कसा? राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी जवळपास निम्म्या बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. नसबंदी केलेल्या पुरुषांचं प्रमाण अर्धा टक्काही भरत नाही. लग्न लवकर, दोन बाळंतपणं पाठोपाठ आणि पंचविशी-सव्विशीत ऑपरेशन, अशी कित्येक जणींची वाट ठरलेली असते. तांबी बसवून किंवा गोळ्या घेऊन दोन मुलांत नीट अंतर ठेवलं, असं त्यामानाने फार कमी जणींना सांगता येतं.

हे नेहमीच असं नव्हतं, आणि ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९६० च्या दशकात सरकारी कुटुंबनियोजनात पुरुष पुढे होते. महाराष्ट्रात पुरुष नसबंदीची शिबिरं भरायची. कुमुदिनी दांडेकरांनी त्यांच्यावर लिहिलेला अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७१ च्या जुलैत केरळातल्या एर्नाकुलमला एकाच शिबिरात ६३ हजारांवर पुरुषांनी नसबंदी करून घेतली. त्यामागे बक्षिसाची रक्कम आणि भेटवस्तू होत्या हे खरं. पण ‘पुरुष हे करणारच नाही’ असं आज आपण जे गृहीत धरतो ते तेव्हाच्या लोकांना पटलं नसतं. वैद्यकीयदृष्ट्या ते सोपंही आहे. जागेपुरती भूल देऊन काही मिनिटांत होतं, पोट उघडावं लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी जातो.

मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या ६२ लाख पुरुषांच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक १९७६ मध्ये मंजूर केलं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. सक्तीविरुद्धच्या रागाने केंद्रातलं सरकार पडलं. पुढच्या सरकारांनी कार्यक्रमाचं नाव कुटुंबनियोजनावरून कुटुंबकल्याण केलं आणि पुरुषांचा नाद सोडला. कार्यक्रमाचं लक्ष्य त्यानंतर बाई झाली. दवाखान्यात बाळंतपणासाठी आलेली, कुणाला ‘नाही’ म्हणण्याची सवय नसलेली बाई. सत्तेला पुरुषांच्या रागाची भीती वाटली आणि भार बायकांच्या अंगावर आला, असा या इतिहासाचा अर्थ मी लावते.

पुढच्या पिढीला तो भार निसर्गनियमासारखा वाटू लागला. पाचव्या फेरीत पुरुषांना विचारलं होतं: गर्भनिरोधन ही बायकांनी बघायची गोष्ट आहे, पुरुषाने त्याची काळजी करायचं कारण नाही, हे पटतं का? ३५ टक्के पुरुषांनी ‘हो’ म्हटलं. ‘नसबंदी केली की अशक्तपणा येतो, ओझं उचलता येत नाही’ हा समज आशाताई गावोगाव आजही ऐकतात, आणि बऱ्याचदा तो बोलून दाखवणारी बायकोच असते. घर त्याच्या कमाईवर चालतं, त्याला काही झालं तर, ही तिची भीती असते. तिला काही झालं तर काय, हा प्रश्न तीही विचारत नाही.

हे सगळं घरातल्या कामाशी कसं जोडलेलं आहे ते पाहायला दुसरं एक सर्वेक्षण उपयोगी पडतं. केंद्र सरकारचं वेळेच्या वापराचं देशव्यापी सर्वेक्षण पहिल्यांदा २०१९ मध्ये झालं, दुसऱ्यांदा २०२४ मध्ये. त्यात माणसाचा दिवस पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत मांडतात. पहाटे चार ही वेळ मला फार योग्य वाटते. नळाला पाणी त्याच सुमाराला येणाऱ्या वस्त्या कमी नाहीत. २०२४ मध्ये बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ गेला आणि पुरुषांचा ८८. हा हिशेबसुद्धा घरकाम करणाऱ्या पुरुषांपुरता, आणि असे पुरुष चारांत साधारण एक. मुलांचं, म्हाताऱ्यांचं करण्यात बायकांची १४० मिनिटं गेली आणि पुरुषांची ७४.

‘अजून एक होऊ दे’ हे वाक्य या २८९ आणि १४० मिनिटांच्या शेजारी ठेवून ऐकावं लागतं. म्हणणारा कोण आणि मिनिटं कुणाची, यावर त्याचा अर्थ ठरतो.

युरोपातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. तिथल्या ‘पिढ्या आणि लिंगभाव’ या बहुराष्ट्रीय सर्वेक्षणात आदर्श संख्या विचारून थांबत नाहीत. येत्या तीन वर्षांत मूल होऊ द्यायचा इरादा आहे का, असं विचारतात, आणि उत्तरही नक्की हो, बहुतेक हो, बहुतेक नाही, नक्की नाही अशा पायऱ्यांत घेतात. नवऱ्याचं मत काय आणि बायकोचं काय, हेही त्यातून कळतं. माथियास डोएप्के आणि फाबियान किंडरमान या अर्थतज्ज्ञांनी १९ देशांची ही माहिती तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. दोघांपैकी एकाला मूल हवं आणि दुसऱ्याला नको, अशी जोडपी खूप निघाली, आणि एकाचा नकार असला तर मूल क्वचितच झालं. जिथे मुलांचं करण्यातला बापांचा वाटा कमी, तिथे आणखी मूल नको म्हणणाऱ्यांत बायका जास्त होत्या. अशाच देशांतला जननदर खाली गेलेला होता. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनीही जपान, कोरिया, इटली यांच्याबद्दल असंच मांडलं आहे. तिथे पैसा झपाट्याने आला, मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, पण घरातली रीत जुनीच राहिली. दक्षिण कोरियाचा जननदर २०२३ मध्ये ०.७२ इतका उतरला.

इथे मला हात आखडता घ्यावासा वाटतो, कारण ‘पुरुषांनी भांडी घासली की पाळणा हलेल’ इतकं हे सरळ नाही. फिनलंडमध्ये बापांना रजा आहे, पाळणाघरं आहेत, घरकामाची वाटणीही आपल्यापेक्षा कितीतरी बरी आहे. तरी २०१० मध्ये १.८७ असलेला तिथला जननदर २०२३ मध्ये १.२६ वर आला. जोडीदार न मिळणं, उद्याची शाश्वती नसणं, मूल म्हणजेच पूर्ण आयुष्य असं न वाटणं, अशी पुष्कळ कारणं तिथले अभ्यासक तपासताहेत. घरातली समानता जननदर वाढवायचं यंत्र म्हणून मागायचीही नाही. पुण्या-मुंबईत एका मुलावर थांबलेली, किंवा मूलच नको म्हणणारी जोडपी आपण पाहतो. त्यांचं तसं ठरणं आणि दमल्यामुळे, एकटं पडल्यामुळे बाईने दुसरा विचार सोडून देणं, या दोन गोष्टी आकड्यात सारख्याच दिसतात. त्या वेगळ्या करणं हे या शास्त्राचं काम आहे.

ते करायचं तर आधी दोघांना विचारायला हवं, आणि वेगवेगळं बसवून विचारायला हवं. सासू दाराशी भाजी निवडत बसली असेल तर सुनेचं उत्तर वेगळं येतं. नवरा खोलीत असेल तर आणखी वेगळं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरातल्या मारहाणीबद्दलचे प्रश्न एकांत मिळाल्याशिवाय विचारायचे नाहीत असा नियम आहे, आणि तो नीट पाळावा म्हणून मुलाखत घेणाऱ्यांना शिकवलं जातं. मूल हवं-नकोचा प्रश्नही मला तितकाच नाजूक वाटतो. पाचव्या फेरीत या सर्वेक्षणाने ७,२४,११५ बायकांशी बोलणं केलं आणि १,०१,८३९ पुरुषांशी.