मिथेनच्या उत्प्रेरकी अपघटनातील मायक्रोवेव्ह तापन

घन उत्प्रेरकाच्या साहाय्याने मिथेनचे हायड्रोजन व कार्बन यांत अपघटन करताना लागणारी उष्णता बाहेरच्या भट्टीतून न देता मायक्रोवेव्ह (सूक्ष्मतरंग) प्रारणाच्या द्वारे थेट उत्प्रेरकाच्या कणांतच निर्माण करण्याच्या पद्धतीला ही संज्ञा लावतात. त्यासाठी प्रामुख्याने २.४५ गिगाहर्ट्‌झ आणि मोठ्या संयंत्रांत ९१५ मेगाहर्ट्‌झ या वारंवारता वापरतात.

औद्योगिक हायड्रोजनचा मोठा भाग मिथेन व वाफ यांच्या विक्रियेतून मिळतो. या विक्रियेत एक किलो हायड्रोजनमागे साधारण ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अपघटनात ऑक्सिजनचा संबंधच येत नसल्याने कार्बन घनरूपात हाती लागतो. एक किलो हायड्रोजनमागे तो तीन किलो असतो. विक्रिया उष्माग्राही असून मिथेनच्या प्रत्येक मोलला सुमारे ७५ किलोजूल, म्हणजे हायड्रोजनच्या प्रत्येक मोलला ३७ किलोजूलच्या आसपास ऊर्जा लागते. द्रवरूप पाण्याच्या विघटनातून तितकाच हायड्रोजन मिळवायला सुमारे २८६ किलोजूल लागतात. तरीही कार्बन-हायड्रोजन बंध अतिशय बळकट असल्याने उत्प्रेरक असतानाही बहुधा ६०० ते ९०० अंश सेल्सिअस तापमान ठेवावे लागते.

मिथेनचा रेणू सममित व अध्रुवीय (धन व ऋण विद्युत्‌भाराची वेगळी टोके नसलेला) असल्याने तो मायक्रोवेव्ह जवळजवळ शोषत नाही. कार्बन, सिलिकॉन कार्बाइड व लोहाची बारीक पूड मात्र ते चांगले शोषतात, तर थंड ॲल्युमिना व सिलिका यांतून ते बरेचसे आरपार जातात. त्यामुळे क्वार्ट्‌झच्या नळीतील उत्प्रेरकाचे कण तापतात आणि भोवतालचा वायू त्यांच्यापेक्षा थंड राहतो. नेहमीच्या भट्टीत उष्णता भिंतीकडून आत झिरपते, येथे ती विक्रियेच्या जागीच उगम पावते. या पद्धतीचे खरे वैशिष्ट्य हेच आहे. वायू तुलनेने थंड असल्याने त्यात होणाऱ्या दुय्यम विक्रियांना आळा बसू शकतो.

विक्रियेतून साचणारा कार्बन येथे दुहेरी भूमिका बजावतो. लोह, निकेल किंवा कोबाल्ट यांच्या कणांवर तो काही वेळा नलिकांच्या किंवा तंतूंच्या रूपात वाढतो, पण सक्रिय पृष्ठभाग झाकून उत्प्रेरकाला निष्क्रियही करतो. तोच कार्बन मायक्रोवेव्ह शोषत असल्याने उत्प्रेरकाच्या थराचे तापन विक्रियेबरोबर बदलत जाते, तरंग आत कमी खोलवर पोहोचतात, कणांच्या फटींत सूक्ष्म विद्युत्‌ठिणग्या पडतात आणि काही ठिकाणे सरासरीपेक्षा कितीतरी अधिक तापतात. म्हणून मायक्रोवेव्हची शक्ती सतत जुळवून घ्यावी लागते, तसेच साचलेला कार्बन वेळोवेळी काढण्याची सोयही करावी लागते.

तापमानाचे मापन हा या विषयातील सर्वांत नाजूक प्रश्न आहे. धातूचे तपयुग्म (दोन धातूंच्या तारा जोडून केलेले तापमान मोजण्याचे साधन) विद्युत्‌क्षेत्रात बाधा आणते, म्हणून अवरक्त तापमापक वापरतात; पण तो केवळ बाहेरचा पृष्ठभाग पाहतो आणि आतले तप्त बिंदू त्याच्या नजरेतून सुटतात. परिणामी ‘कमी तापमानाला अधिक रूपांतरण’ असा निष्कर्ष काही वेळा प्रत्यक्षात कणांच्या आतल्या जास्त तापमानाचाच परिणाम असू शकतो. उष्णतेपलीकडचा एखादा स्वतंत्र ‘मायक्रोवेव्ह परिणाम’ मानण्याआधी मापनाची ही मर्यादा तपासणे अपरिहार्य ठरते.

ऊर्जेचा हिशेबही विजेच्या मुळापासून मांडावा लागतो, कारण विजेचे मायक्रोवेव्हमध्ये रूपांतर करतानाच मॅग्नेट्रॉनमध्ये (मायक्रोवेव्ह निर्माण करणाऱ्या नळीत) काही ऊर्जा वाया जाते. वीज कोळशाची असेल, तर विक्रियापात्रात टाळलेला कार्बन डायऑक्साइड वीजकेंद्रात बाहेर पडतो.