आधी पाणी घालवा, मग लिंबू पिळा

संध्याकाळी साडेसातची गर्दीची लोकल पकडून ठाण्याला किंवा वाशीला उतरणाऱ्या माणसासाठी एकाच पॅनमध्ये होणारं लेमन चिकन फार सोयीचं. अर्ध्या तासात जेवण तयार, घासायला एकच भांडं. पण बऱ्याच घरांत ते खरपूस होण्याऐवजी पांढरंफटक, उकडल्यासारखं होतं. दोष मसाल्यावर जातो. खरा अडसर असतो पाण्याचा.

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. चिकनचा पृष्ठभाग ओला असेपर्यंत गॅस कितीही मोठा करा, उष्णता वाफ करण्यातच खर्ची पडते. आणि हा खर्च मोठा आहे: एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला सुमारे १०० कॅलरी लागतात, तर त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे ५४०. खरपूस रंग आणि वास देणारी मायार अभिक्रिया मात्र जोर धरते ती साधारण १४० अंशांपुढे. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखर यांच्यातली ही क्रिया लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली.

म्हणून बोनलेस तुकडे स्वच्छ टिश्यूने नीट टिपून घ्यावेत. घरी आणून नळाखाली धुण्याची सवय सोडलेलीच बरी. धुण्याने जंतू मरत नाहीत, शिंतोड्यांबरोबर सिंकभर पसरतात. जंतू मरतात ते शिजवल्याने. मधला भाग ७४ अंशांपर्यंत गेला पाहिजे. त्यापुढे ताणू नये, कारण तंतूंमधली प्रथिनं आकसत जाऊन रस बाहेर पिळून काढतात आणि ब्रेस्ट पीस कोरडा पडतो.

पॅन चांगला तापल्यावर तेल घालून तुकडे अंतर ठेवून मांडा. आता कान द्या. चर्रऽऽ असा सलग आवाज येत असेल तर पाणी सुटल्यासुटल्या उडून जातंय. आवाज मंदावून कडेला राखाडी पाणी बुडबुडू लागलं, तर पॅनमध्ये गर्दी झाली. निम्मे तुकडे काढून घ्या. खाली चिकटलेला तुकडा ओढू नका. पापुद्रा धरला की तो आपणहून सुटतो.

आधीच लिंबू चोळून ठेवायची आपल्याकडची पद्धत इथे आड येते. एक तर रसाचं पाणी, दुसरं म्हणजे आम्ल. आम्लात अमिनो आम्लांच्या अमिनो गटांना (साखरेशी जुळणाऱ्या टोकांना) प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा धनभारित कण, चिकटतो; मग ते साखरेशी सहज जुळत नाहीत आणि मायार अभिक्रिया मंदावते. लिंबाची पाळी तुकडे शिजवून बाजूला काढल्यावर. तळाला लागलेला तपकिरी थर म्हणजेच सगळी चव. त्यात लसूण परता, अर्धी वाटी पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस ओता, उलथण्याने खरवडा. पॅन स्टीलचा असावा; बिडाच्या किंवा लोखंडी भांड्यात आम्लाने लोह उतरतं आणि सॉसला धातूची चव येते.

सॉस आटला की गॅस बंद करून थंड बटरचा तुकडा ढवळत विरघळवा. बटरमधली दुधाची प्रथिनं स्निग्धाचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवतात, म्हणून सॉस दाटसर, चकचकीत होतो. पुन्हा उकळलात तर तूप वेगळं होऊन वर तरंगेल. बटरऐवजी दूध घालायचा मोह टाळा, या आंबटपणात ते फाटणारच.

उकळल्याने आंबटपणा जात नाही, सायट्रिक आम्ल उडत नाही. उडतो तो वास. लिंबाचा वास मुख्यतः सालीतल्या तेलाचा, आणि ते वाफेबरोबर निघून जातं. आपल्या कागदी लिंबाची साल पातळ असते, तेव्हा फक्त वरचा रंगीत भाग हलक्या हाताने किसा. खालचा पांढरा भाग कडू. हा कीस आणि उरलेल्या लिंबाचे चार थेंब ताटात वाढल्यावरच घाला.