सेप्सिसमध्ये सलाइन किती? ‘किलोमागे 30’ची पार्श्वभूमी

पावसाळ्यात लेप्टो-डेंगी वाढले की कळव्यापासून वाशीपर्यंतच्या कॅज्युअल्टीत रक्तदाब कोसळलेले रुग्ण येऊ लागतात. त्यांत सेप्सिस झालेलेही असतात, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागलेले. शहापूर-मुरबाडकडून आलेल्या कित्येकांना आधीच्या दवाखान्यात एक-दोन बाटल्या लागलेल्या असतात. अजून किती लावायच्या, हा वाद तिथून सुरू होतो.

शिरेतून मिठाचे पाणी देण्याचा उपाय 1832च्या कॉलऱ्याइतका जुना आहे. आजच्या वादाचे मूळ मात्र 2001मध्ये आहे. अमेरिकेतल्या एका रुग्णालयाने सेप्सिसच्या 263 रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या सहा तासांसाठी उद्दिष्टे ठरवली. हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब 8 ते 12 मिमी (पारा) होईपर्यंत सलाइन द्यायचे, हे त्यांपैकी एक. मृत्युदर 46.5 टक्क्यांऐवजी 30.5 टक्के दिसला आणि ही पद्धत जगभर गेली. 2014-15मध्ये तीन मोठ्या अभ्यासांत नेहमीच्या उपचारांपेक्षा तिचा फायदा दिसला नाही.

पद्धत मागे पडली, पण सलाइनचा एक आकडा टिकला. सेप्सिसच्या 2012च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत वजनाच्या किलोमागे किमान 30 मिली असे आले होते. 2016मध्ये ते पहिल्या तीन तासांत द्यावे, अशी ठाम शिफारस झाली. 60 किलोच्या माणसाला हे 1,800 मिली, म्हणजे अर्ध्या लिटरच्या साडेतीन बाटल्यांहून जास्त. हा आकडा 20 किंवा 40शी तुलना करून सिद्ध झालेला नव्हता. मोठ्या अभ्यासांतल्या रुग्णांना सुरुवातीला साधारण तेवढे मिळाले होते, हाच मुख्य आधार. अमेरिकेत तर रुग्णालयांचे मोजमाप त्यावर होऊ लागले. 2021मध्ये शिफारस ‘ठाम’वरून ‘सौम्य’वर आली. माझ्या मते हे फार उशिरा झाले.

कारण इशारा 2011लाच मिळाला होता. आफ्रिकेतल्या 3,141 तापाच्या मुलांत झपाट्याने सलाइन दिलेल्या गटांत 48 तासांतले मृत्यू सुमारे 10.5 टक्के होते, न दिलेल्यांत 7.3. झांबियातल्या 2017च्या अभ्यासात सेप्सिस झालेल्या प्रौढांचे मृत्यू जादा सलाइनच्या गटात 48.1 टक्के, नेहमीच्या उपचारांत 33. त्यातले बहुतेक एचआयव्हीबाधित होते, हे खरे. पण व्हेंटिलेटर सहज न मिळणे ही अडचण आपल्या तालुक्यांच्या ओळखीची आहे. फुप्फुसात पाणी साचले, तर तिथे सावरायला साधन नसते.

गोंधळ वाढवणारा शब्द म्हणजे ‘फ्लुइड रिस्पॉन्सिव्ह’. पाय वर उचलून पाहिले (त्यांतले रक्त हृदयाकडे येते), हृदयातून दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त 10-15 टक्क्यांनी वाढले, की रुग्ण रिस्पॉन्सिव्ह ठरतो. याचा अर्थ त्याला सलाइन हवेच, असा नाही. निरोगी माणसाचे हृदयही असाच प्रतिसाद देते. राउंडला हे दोन अर्थ सर्रास एक होतात आणि आणखी एक बाटली लागते.

2022 आणि 2023च्या दोन मोठ्या अभ्यासांत, सुरुवातीचे सलाइन दिल्यानंतर कमी दिले काय किंवा जास्त दिले काय, मृत्यूंत फरक पडला नाही. 2019च्या एका अभ्यासात लॅक्टेटऐवजी (रक्तपुरवठा अपुरा पडला की रक्तात वाढणारा घटक) बोटावर लक्ष ठेवून उपचार केले होते. बोटाचे टोक दहा सेकंद दाबायचे, सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर रक्तपुरवठा अजून अपुरा. दर अर्ध्या तासाने पुन्हा पाहायचे. 28 दिवसांतले मृत्यू 34.9 टक्के, लॅक्टेटच्या गटात 43.4, फरक सांख्यिकीय कसोटीवर थोडक्यात हुकला. या तपासणीला लॅब लागत नाही, घड्याळ लागते. आणि रेफरच्या चिठ्ठीवर आधी किती मिली गेले, तेही लिहिलेले लागते.