छावणीचं शहर झालं, रस्ते गोटांचेच राहिले

संध्याकाळी सातच्या सुमारास ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर, म्हणजे लष्कर भागातल्या मुख्य चौकात, पायी चालणारा पुढे निघून जातो आणि गाडीवाला अडकून पडतो. वाहनं फार वाढली, असं सगळे म्हणतात. ते खरंच आहे, पण वाहनं सगळीकडेच वाढली. आमच्या शहराची कोंडी दोनशे वर्षं जुनी आहे.

1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तो तळ पुन्हा हललाच नाही आणि त्याच्या जागी लष्कर नावाचं गाव उभं राहिलं. नावं नीट ऐकली तर छावणी अजून तिथेच दिसते. कंपू म्हणजे कवायती फौजेचा कॅम्प, जिन्सी म्हणजे तोफखाना. शिंदे की छावणीला तर अर्थ सांगायलाच नको. खासगी बाजार, फालका बाजार, पाटणकर बाजार, चिटणीस की गोठ. ही ‘गोठ’ म्हणजे आपला मराठी ‘गोट’, सरदाराचा तळ. आज इथल्या कित्येक मराठी मुलांना हे ठाऊक नसतं, याचं वाईट वाटतं.

गोट आपल्या माणसांपुरता वसतो. मधे वाडा, भोवती कारकून, शागिर्द, घोडी. गल्ली वाड्यापर्यंत पोचली की तिचं काम संपलं. पलीकडच्या गोटातून आरपार कुणी जावं, असा त्या रस्त्यांचा हेतूच नव्हता. आज त्याच गल्ल्यांतून शाळेच्या व्हॅन, हातगाड्या आणि ई-रिक्षा आरपार जाऊ पाहतात. शिवाय सराफा आणि कपड्यांच्या पेढ्या बाड्याभोवती, जयारोग्य रुग्णालय कंपूजवळ. म्हणजे मुरारचा माणूसही कामासाठी लष्करातच येणार.

आणि त्याला यायला वाटा किती? ग्वाल्हेर ही मुळात तीन गावं. किल्ल्याच्या उत्तरेला जुनं ग्वाल्हेर, दक्षिणेला लष्कर, पूर्वेला मुरार. मुरारची छावणी इंग्रजांची. 1886 मध्ये झाशीच्या बदल्यात किल्ल्यासोबत ती शिंद्यांकडे परत आली. तिन्ही गावांच्या मधे जवळपास 3 किलोमीटर लांबीचा किल्ल्याचा डोंगर आडवा बसलेला. पुढे आग्रा-झाशी रेल्वेमार्गानं पूर्वेकडचा भाग आणखी तोडला. त्यामुळे मुरार-लष्कर रहदारीचा मोठा लोंढा पडाव आणि फूलबाग या चिंचोळ्या पट्ट्यातून जातो. पडाव हेही मुक्कामाचंच नाव.

शहराच्या पोटातून जाणारी एक वेगळी वाट मात्र होती. माधवराव शिंदे महाराजांच्या काळात, 19व्या शतकाच्या अखेरीस, दोन फुटी रुळांची गाडी सुरू झाली. स्टेशनातून निघून घोसीपुरा, मोतीझील करत ती पुढे श्योपूरपर्यंत जाई. फाटक पडलं की दोन्हीकडे टांगे, सायकली, नंतर टेंपो थांबत आणि लोक तिच्यावर चिडत. मला ते चिडणं तेव्हाही पटलं नाही, कारण टपावर बसून का होईना, ती शेकडो माणसं एका फेरीत नेत होती. 2020 मध्ये ती थांबली. श्योपूरकडे आता ब्रॉडगेजचं काम चाललं आहे.

शहरातल्या स्वर्णरेखा नाल्यावर उंच रस्त्याचे खांब उभे राहताहेत, ते राहोत. पण स्टेशन ते घोसीपुरा ही जुन्या रुळांची पट्टी तयारच आहे आणि तिच्यासाठी कुणाचं घर पाडावं लागत नाही. दुकानं आणि पार्किंग तिच्यावर सरकण्याआधी तिथे लोकांच्या जाण्या-येण्याची सोय व्हावी, एवढं आम्ही लष्करकरांनी नगर निगमाकडे लावून धरलं पाहिजे.