‘शहा’ हा शब्द आला कुठून?

‘शाह’ म्हणजे इराणचा राजा, एवढं सगळ्यांना माहिती असतं. पण हा एवढुसा शब्द मुळात चांगला लांबलचक होता. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या फारसीत तो होता ‘ख्शायथिय’. आता ख्शायथियचा शाह कसा झाला, तर सुरुवातीचा ‘ख्श’ घासून नुसता ‘श’ राहिला, मधल्या ‘थ’चा ‘ह’ झाला आणि शेपूट गळून पडलं. ओढूनताणून लावलेलं वाटेल, पण आपल्या मराठीतही हेच झालंय. संस्कृत ‘क्षेत्र’चं आपण ‘शेत’ केलं आणि ‘कथानिका’ची ‘कहाणी’ केली, म्हणजे एकीकडे क्षचा श आणि दुसरीकडे थचा ह. भाषाशास्त्राची गंमत हीच की असे बदल एकाच शब्दापुरते होत नाहीत, तशा ठेवणीच्या बऱ्याच शब्दांत रांगेने होतात, म्हणून तर अभ्यासक उलट्या पावलांनी मूळ शब्दापर्यंत पोचू शकतात.

या ख्शायथियच्या मुळाशी जो धातू आहे तो आपल्याकडेही आहे. वैदिक संस्कृतात ‘क्षयति’ म्हणजे राज्य करतो (क्षय होतो मधला क्षय वेगळा, हे आपलं जाता जाता), ‘क्षत्र’ म्हणजे सत्ता आणि त्यावरूनच क्षत्रिय. इराणचा सम्राट दारयवहुश, ज्याला ग्रीकांमुळे जग डरायस म्हणतं, त्याने तिथल्या बेहिस्तूनच्या कड्यावर कोरून ठेवलंय की मी दारयवहुश, थोर राजा, राजांचा राजा. मूळ शब्द आहेत ‘ख्शायथिय ख्शायथियानाम्’. यातला ‘आनाम्’ बघा, शाळेत पाठ केलेल्या देवः देवौ देवाः मधला ‘देवानाम्’ आठवला ना? पुढे याचंच झालं ‘शाहान शाह’ आणि मग शहेनशाह. म्हणजे शहेनशाहमधला तो ‘न’ हे त्या जुन्या षष्ठी बहुवचनाचं उरलंसुरलं अवशेष आहे.

पण मला या पदवीबद्दल सगळ्यात भारी वाटते ती वेगळीच गोष्ट. राजेलोकांना प्रत्येक शिलालेखात तीच तीच फुशारकी मारायची सवय होती, आणि त्या सवयीमुळेच त्यांची विसरली गेलेली लिपी वाचता आली. कार्स्टन नीबुर नावाचा एक मोजणीदार डेन्मार्कच्या मोहिमेतून अरबस्तानात गेला होता, तिथून तो मुंबईला आला, सोबतचा डॉक्टर मुंबईतच वारला आणि अख्ख्या मोहिमेत नीबुर एकटा जिवंत उरला. परतीच्या वाटेवर 1765 मध्ये त्याने इराणमधल्या पर्सेपोलिस या जुन्या राजधानीच्या भग्न राजवाड्यातले खिळ्यांसारख्या अक्षरांतले लेख बारकाईने उतरवून घेतले. ते वाचता मात्र कोणालाच येईनात.

1802 मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या ग्रोटेफेंड नावाच्या शाळामास्तरने ते मनावर घेतलं. त्याच्याकडे ना डिक्शनरी ना दुभाषी, होता फक्त तर्क. नंतरच्या इराणी राजांचे लेख तोवर वाचले गेले होते, त्यात साचा ठरलेला असायचा की अमुक, थोर राजा, राजांचा राजा, तमुकचा मुलगा. मग जुन्यांचाही साचा हाच असेल असं त्याने धरलं. एक शब्द सारखा सारखा येत होता, तो ‘राजा’ असणार. आता खरी मेख पुढे आहे. एका लेखात बापाच्या नावापुढे राजा हा शब्द होता आणि दुसऱ्या लेखात त्याच बापाच्या बापापुढे तो नव्हताच! म्हणजे आजोबा राजा नाही, मुलगा राजा, नातू राजा. ग्रीक इतिहासकारांनी दिलेल्या वंशावळीत हे कुठे बसतं? विश्तास्प, त्याचा मुलगा दारयवहुश, त्याचा मुलगा ख्शयार्शा, म्हणजे ग्रीकांचा झर्क्सिझ. वर ख्शयार्शाचं नाव आणि राजा हा शब्द सुरू होत होते त्याच अक्षरांनी, कारण दोन्हीत तोच ‘ख्श’. कुलूप उघडलं. सगळी अक्षरं काही त्याला बरोबर लागली नाहीत, ते काम पुढे रॉलिन्सन वगैरे मंडळींनी केलं, पण दार उघडलं ते या मास्तरने, आणि तिथल्या विद्वानांच्या अकादमीने त्याचा निबंध धड छापायला 1893 उजाडवलं. चालायचंच.

भारतात ही पदवी मुघलांबरोबर आली असं वाटत असेल तर थोडं थांबा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात कुषाण सम्राट कनिष्काच्या नाण्यांवर ‘शाओनानोशाओ’ असं लिहिलेलं आहे, भाषा बॅक्ट्रियन, म्हणजे इराणी कुळातलीच, पण अक्षरं ग्रीक. ग्रीक लिपीत ‘श’ला अक्षरच नाही, म्हणून या लोकांनी एक नवीन अक्षर तयार करून घेतलं. आपल्या नाशिकलाही शाहच्या शब्दकुटुंबातला एक शब्द येऊन गेला, तो म्हणजे ‘क्षत्रप’. मुळात इराणी साम्राज्याचा प्रांताधिकारी, ‘राज्याचा रक्षक’, पण नहपानासारखे क्षत्रप इथे स्वतःच राज्य करायला लागले. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं आणि त्याच्या नाण्यांवर आपला ठसा मारून तीच चालवली. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला सापडलेल्या साठ्यात 13 हजारांहून जास्त नाणी होती, बरीचशी अशी डबल ठशाची. पांडवलेण्यातल्या लेखात गौतमीपुत्राची आई त्याला ‘राजराजा’ म्हणवते. म्हणजे परत राजांचा राजाच.

‘पातशहा’ तर आपल्या बखरींमध्ये जागोजागी. बाबराने काबूलमध्ये 1507 साली ‘पादशाह’ ही पदवी घेतली, पण दख्खनेत शब्द असा रुळला की 1674 च्या शिवराज्याभिषेकाबद्दल बखरकार सभासद लिहितो, ‘मऱ्हाटा पातशहा येवढा छत्रपती जाला’. फारसी आणि संस्कृत पदव्या एकाच वाक्यात, आणि त्याला त्यात काही खटकत नाही. (गुजराती आडनाव शहा मात्र यातलं नाही बरं, ते साधु-साहूकडून आलेलं.)

बुद्धिबळातला ‘शह’ हाच शाह. इराणी खेळाडू राजावर हल्ला केला की ‘शाह!’ म्हणून बजावायचे, आपण त्यावरून काटशहसुद्धा तयार केला आणि पेपरवाल्यांची निवडणुकीतली सोय झाली. तोच शब्द अरबांमार्फत युरोपात गेला, फ्रेंचांकडून इंग्रजीत ‘चेक’ झाला, पटावरच्या चौकटींवरून चेक्सचा शर्ट आला. मध्ययुगात इंग्लंडचे खजिन्याचे अधिकारी चौकटीच्या कापडावर सोंगट्या मांडून हिशेब करायचे, म्हणून त्या खात्याला नाव पडलं एक्स्चेकर. इराणमधली बादशाही 1979 ला गेली, पण ब्रिटनचा अर्थमंत्री आजही चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर म्हणूनच बजेट मांडतो.